तेलुगू घरचं जेवण शिकायचंय? आधी आंबट, मग तिखट

आंध्रचं जेवण म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात, हैदराबादी बिर्याणी आणि कानातून वाफा काढणारं तिखट. पण तेलुगू घरात रोज दुपारी जे शिजतं त्यात बिर्याणी नसते, आणि तिखटाचं म्हणाल तर ते आंबटाच्या जोरावर उभं असतं. चिंच, कैरी, अंबाडी, टोमॅटो, लिंबू, आंबट ताक, चुका, चिंचेचा कोवळा पाला, हे सगळं आंबटासाठीच आणि प्रत्येकाचं काम वेगळं. म्हणून नव्याने शिकणाऱ्याने मिरच्या किती घालायच्या हे नंतर बघायचं, आज आंबट कशाचं आहे हे आधी ठरवायचं, बाकीचं ताट त्याच्यामागून आपोआप जुळतं.

हे मी त्यांच्यासाठी लिहितेय ज्यांनी तेलुगू स्वयंपाक कधीच केला नाहीये. हैदराबादला नोकरीला गेलेले, तेलुगू घरात लग्न झालेले, किंवा ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा डबा चाखून आवडलाय पण घरी कसं करायचं कळत नाही असे. पन्नास रेसिपी देत नाही, एक साधं पूर्ण ताट करायला शिकूया. ते जमलं की पुढचं सगळं त्याच्यातूनच निघतं.

आधी ताट समजून घ्या

आपण वरण-भात, भाजी, पोळी, कोशिंबीर एकदम वाढून घेतो आणि मनाला येईल तसं खातो. तेलुगू जेवणात भात एकच पण तो टप्प्याटप्प्याने वेगवेगळ्या गोष्टींत कालवून खातात. पहिला भात पोडी म्हणजे कोरड्या चटणीबरोबर किंवा पच्चडीबरोबर (ओली चटणी), वर तूप. मग पप्पू, म्हणजे डाळ, आणि सोबत कूर किंवा वेपुडु, म्हणजे भाजी. मग पुलुसु किंवा चारू, म्हणजे चिंचेचं पातळ काहीतरी. आणि शेवट पेरुगू, म्हणजे दहीभात, बाजूला लोणच्याची फोड. कोणाकडे पच्चडी आधी, कोणाकडे पप्पू आधी, एवढं मागेपुढे चालतं, पण शेवट दह्यावर हे मात्र ठरलेलं. सुरुवात तिखट, कोरडी, तुपाची आणि हळूहळू पातळ आणि थंड होत जाणारी, अशी ती चाल आहे. पोट शांत करायचं काम दही करतं म्हणूनच सुरुवातीला एवढं तिखट झेपतं. हा क्रम सोडून सगळं एकदम कालवलंत तर पदार्थ उत्तम होऊनही जेवण जमल्यासारखं वाटणार नाही.

सामान

घाबरू नका, नव्वद टक्के सामान आपल्या डब्यात असतंच. तूरडाळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मोहरी, जिरं, मेथीदाणे, धणे, हिंग, हळद, लसूण, कढीपत्ता, चिंच, गूळ, तीळ, शेंगदाणे. तेल रोजच्या स्वयंपाकाला शेंगदाण्याचं चालतं, तिकडेही अनेक घरांत तेच असतं. लोणच्याला मात्र तिळाचं घ्यायचं.

सुकी मिरची गुंटूरची मिळाली तर उत्तम. रंग लाल आणि झणका चांगलाच असतो, त्यामुळे सवय नसेल तर अर्धी गुंटूर अर्धी बेडगी असं मिसळा. तिखट कमी केलंत तरी चालेल, पण त्याबरोबर चिंच आणि मीठही कमी करून टाकू नका, आपले बरेचजण हेच करतात आणि मग पदार्थ मचूळ लागतो. तिखट खाली आणलं तर आंबट होतं तिथेच राहू द्यायचं.

तांदूळ सोना मसूरी किंवा बीपीटी नावाने मिळणारा सांबा मसूरी. हा दुसरा वाण आंध्रातल्या बापटल्याच्या संशोधन केंद्रातून १९८६ साली आला आणि बारीक दाण्यामुळे घराघरात गेला. बासमती नको, तो सुटासुटा राहतो आणि कालवताना पप्पूला धरत नाही. आंबेमोहोर, इंद्रायणी चवीला छान पण चिकट, त्यात पोडी कालवली की गोळा होतो. तांदूळ जुना बघून घ्या, नवा असेल तर पाणी कमी.

गोंगुरा म्हणजे आपली अंबाडी, त्यामुळे मराठवाडा विदर्भातल्या लोकांना ती शोधायला लागत नाही. मुंबईत माटुंग्याच्या मार्केटमध्ये बाकीचं दाक्षिणात्य सामान मिळून जातं. सोलापूरकरांना तर काही सांगायलाच नको, पद्मशाली समाजाची एवढी तेलुगू घरं शहरात आहेत की पूर्व भागात चक्कर मारली तरी सगळं हाताशी.

फोडणी, हिला पोपू किंवा तालिंपु म्हणतात

आपली फोडणी मोहरी-जिरं-हिंग-हळद आणि झालं. इथे फोडणीत डाळी असतात आणि त्या खाताना दाताखाली कुरकुरीत यायला हव्यात. त्यामुळे क्रम महत्त्वाचा. तेल तापलं की गॅस मध्यम करून आधी हरभरा डाळ आणि उडीद डाळ प्रत्येकी अर्धा चमचा, ती जरा गुलाबी व्हायला लागली की मोहरी, ती तडतडली की जिरं, मग सुकी मिरची मोडून, ठेचलेला लसूण, आणि सगळ्यात शेवटी कढीपत्ता आणि हिंग. लसणाच्या कडा लालसर दिसल्या की लगेच उतरवा. डाळी आधी न घालता मोहरीनंतर घातल्या तर मोहरी जळते किंवा डाळ कच्ची राहते, दोन्हीपैकी एक होतंच. हळद फोडणीत नाही, ती डाळ शिजतानाच घालायची.

पप्पू

पहिला पदार्थ म्हणून टोमॅटो पप्पू करा. एक वाटी तूरडाळ धुऊन, तीन पिकलेले टोमॅटो मोठे चिरून, चार-पाच हिरव्या मिरच्या उभ्या चिरून, अर्धा कांदा, पाव चमचा हळद, अडीच वाट्या पाणी, कुकरला तीन-चार शिट्ट्या. मीठ आणि चिंच आत्ता नको. चिंचेच्या आंबटाने डाळ नीट शिजत नाही, टणक राहते, म्हणून चिंचेचा कोळ नेहमी डाळ शिजल्यावरच. टोमॅटो कुकरमध्ये निभावतो.

कुकर उघडला की रवीने किंवा डावाने घोटा, पण अगदी एकजीव करू नका, टोमॅटोचे तुकडे थोडे दिसू देत. तिकडे यासाठी पप्पू गुत्ती नावाचं लाकडी घोटणं असतं. मग मीठ, दोन चमचे चिंचेचा कोळ, पाच मिनिटं उकळी, वर पोपू. हे आपल्या वरणापेक्षा घट्ट असतं, भातावर वाढलं की जागच्या जागी बसलं पाहिजे, ताटभर पसरलं तर पाणी जास्त झालं. आणि गोडा मसाला, गूळ, ओलं खोबरं यातलं काहीही यात घालायचं नाही, हात जातो आपला, पण नाही.

हे एक जमलं की पप्पूची अख्खी रांग तुमच्या हातात आली. टोमॅटोऐवजी कैरीच्या फोडी घाला, मामिडिकाय पप्पू झाला, उन्हाळ्यात याच्यासारखं दुसरं नाही. अंबाडी घातली तर गोंगुरा पप्पू, आंबट चुका घातला तर चुक्ककूर पप्पू. पालक किंवा माठ घातला तर तो स्वतः आंबट नसतो म्हणून चिंच थोडी वाढवायची. आणि काहीच न घालता नुसती तूरडाळ घट्ट शिजवून हळद-मीठ घातलं तर तो मुद्दपप्पू, लहान मुलांचा पहिला भात आणि मोठ्यांसाठी आवकायाचा, म्हणजे कैरीच्या लोणच्याचा, जोडीदार.

कंदी पोडी

ही एकदा करून ठेवली की भाजी नसलेल्या दिवसाची चिंता मिटते. एक वाटी तूरडाळ, अर्धी वाटी हरभरा डाळ, आठ-दहा सुक्या मिरच्या, एक चमचा जिरं, मीठ. जाड बुडाच्या कढईत, तेल न घालता, मंद गॅसवर एकेक डाळ वेगळी भाजायची. घाई इथेच नडते. मोठ्या गॅसवर डाळ बाहेरून तांबूस होते आणि आतून कच्ची राहते, मग पोडीला डाळीचा कच्चट वास येतो जो कशानेच जात नाही. रंग तांब्यासारखा झाला आणि वास स्वयंपाकघराबाहेर आला की समजा झालं. शेवटी मिरच्या आणि जिरं, पूर्ण गार करून मिक्सरला फिरवा, पिठापेक्षा जरा भरड. लसूण आवडत असेल तर चार पाकळ्या शेवटच्या फेऱ्यात, पण लसणाची पोडी लवकर संपवायची. बिनलसणाची कोरड्या बरणीत महिनाभर सहज राहते.

आता खायचं कसं ते नीट सांगते कारण इथेच सगळी मजा आहे. भात वाफाळता हवा, गार भातावर पोडी वायाच जाते. भाताला मध्ये खळगा करून त्यात दीड चमचा पोडी, त्याच्यावर पातळ केलेलं साजूक तूप चांगलं सढळ हाताने. मग बोटांच्या टोकांनी कडेचा भात थोडा थोडा आत घेत कालवायचा, शितं मोडायची नाहीत, प्रत्येक शितावर पोडी लागली पाहिजे आणि भाताला फिकट विटकरी रंग आला पाहिजे. कोरडा वाटला तर अजून तूप, पाणी नाही. चमच्याने हे होत नाही, हातानेच करा. जिभेला आधी तूप लागतं, मग भाजलेली डाळ आणि गिळताना मागून मिरची येते.

गोंगुरा पच्चडी

अंबाडीची भाजी आपण डाळ-तांदळाच्या कण्या घालून, वर लसणाची फोडणी देऊन करतो. तीच पानं इथे चटणी होतात. लाल देठाची अंबाडी जास्त आंबट, हिरव्या देठाची कमी, पच्चडीला लाल बघा. दोन जुड्यांची पानं खुडून, धुऊन, कापडावर पसरून पूर्ण कोरडी करा. पाणी राहिलं तर पच्चडी टिकत नाही.

कढईत चमचाभर तेलात दहा सुक्या मिरच्या, एक मोठा चमचा धणे, अर्धा चमचा जिरं, पाव चमचा मेथीदाणे खमंग भाजून बाजूला काढा. मेथी लाल झाली पाहिजे, काळी नाही, काळी मेथी सगळं कडू करते. त्याच कढईत दोन-तीन चमचे तेल आणि सगळी पानं. टोपलीभर पानं बघता बघता मूठभर होतात, हिरवा रंग जाऊन शेवाळी-तपकिरी येतो आणि पानं आपोआप विरघळून लगदा होतो. तेल कडेला सुटेपर्यंत परतत राहायचं. मग भाजलेला मसाला मीठ आणि चार-पाच लसूण पाकळ्यांबरोबर भरड वाटून त्यात पानं घालून एकदाच फिरवा. घरी दगडी खल असेल तर त्यातच कुटा, रोलूत कुटलेल्या पच्चडीला जो पोत येतो तो मिक्सरला येत नाही, मिक्सर पेस्ट करतो. वर पोपू, आणि वाढताना बारीक चिरलेला कच्चा कांदा. हा कांदा सोडू नका, आंबट-तिखटाला त्याचा करकरीत गोडवा लागतोच.

अंबाडी नाही मिळाली तर दोडक्याच्या सालींची करा, आपण शिरांची चटणी करतो त्याची ही सख्खी बहीण. साली तेलात परतून, हिरव्या मिरच्या, तीळ, जिरं, आणि इथे मात्र आंबटाला चिंच लागते कारण दोडका आंबट नाही.

भाजी, म्हणजे वेपुडु

यात फार शिकण्यासारखं नाही, तोंडली, भेंडी, बटाटा काहीही बारीक चिरून तेलात झाकण न ठेवता परतायचं. झाकण ठेवलं की वाफेने मऊ होतं, वेपुडु कुरकुरीत हवा. शेवटी सुकं खोबरं, लसूण, तिखट, जिरं कुटून केलेलं कारम भुरभुरायचं. आपली लसूण-खोबऱ्याची चटणी घरात असेल तर तीच टाका, कोणाला फरक कळणार नाही. भरलेली वांगी म्हणजे गुत्ति वंकाय पुढच्या रविवारी करा, ती भरली वांगी येणाऱ्याला अवघड नाही.

चारू

चारूला आपण रसम म्हणून मोकळे होतो, पण घरच्या चारूत बहुतेक वेळा डाळ नसते आणि तो खूप पातळ असतो. लिंबाएवढी चिंच गरम पाण्यात भिजवून कोळ काढा, चार वाट्या पाण्यात तो कोळ, दोन टोमॅटो हाताने कुस्करून, हळद, मीठ, दोन मिरच्या, कढीपत्ता. दहा मिनिटं उकळू द्या म्हणजे चिंचेचा कच्चेपणा जातो. मग एक चमचा मिरी, एक चमचा जिरं, पाच-सहा लसूण पाकळ्या सालासकट ठेचून घाला, वर फेस चढला की गॅस बंद. मिरी घालून फार वेळ उकळलंत तर वास उडून जातो. वरून मोहरी-मिरची-हिंगाची छोटी फोडणी आणि भरपूर कोथिंबीर. सर्दी झाली की हाच चारू मिरी वाढवून करतात, मिरियाल चारू, वाटीतून नुसता पितात.

याच चिंचेच्या पाण्यात भेंडी किंवा वांगं शिजवून, गुळाचा खडा आणि चमचाभर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून लावलं की पुलुसु. कृष्णा-गोदावरीच्या पट्ट्यात गुळाचा हात सढळ, आपल्या चिंच-गुळाच्या आमटीची आठवण येईल. तेलंगणात पच्ची पुलुसु करतात, तो तर गॅसवर चढतच नाही. चिंचेचं पाणी, बारीक चिरलेला कांदा, भाजून चुरडलेल्या मिरच्या, तिळाची पूड, कोथिंबीर आणि वर फोडणी, बस. उन्हाळ्यात खिचडीबरोबर खाऊन बघा.

इथे एक सांगायला हवं. तेलुगू जेवण हे एकच एक नाही. किनारपट्टीला भात, मासे, चिंच-गूळ, भरपूर पच्चड्या. रायलसीमेत पाऊस कमी, तिथे नाचणीची संगटी (शिजवलेला गोळा), सोबत गावठी कोंबडीचा पुलुसु नाहीतर शेंगदाण्याची चटणी, आणि तिखट सगळ्यात जास्त. तेलंगणात ज्वारीची भाकरी (जोन्न रोट्टे), तांदळाच्या पिठाची सर्वपिंडी, संक्रांतीला सकिनालु, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या चकल्या. निजामाच्या राज्यात आणि त्यानंतरच्या हैदराबाद राज्यात मराठवाडा आणि तेलंगणा एकत्रच होते, १९५६ पर्यंत, त्यामुळे नांदेड-निजामाबादकडची ताटं एकमेकांना ओळखीची वाटतात. कोणी म्हणालं की अस्सल आंध्र पद्धत हीच, तर आधी कोणत्या जिल्ह्याची ते विचारा.

शेवटचा भात दह्याचा. साधा भात, घट्ट गोड दही, चिमूट मीठ. वर फोडणी देण्याची रोज गरज नाही. सोबत ताकात मुरवून वाळवलेली तळलेली मिरची, ती आपल्या सांडगी मिरचीसारखीच, किंवा पप्पूबरोबर उरलेले वडियालु म्हणजे कोहळ्याचे सांडगे.

हे जमलं की पुढे काय

पुलिहोरा करा, सणाला आणि देवळात प्रसादाला असतो तो चिंचेचा भात. भात गार करून ताटात पसरायचा, हळद आणि तेल लावायचं, मग तेलात आटवलेला घट्ट चिंचेचा कोळ, पोपूत शेंगदाणे जास्त. करून लगेच खाऊ नका, तीन-चार तासांनी चिंच भातात मुरते तेव्हा खरी चव येते, म्हणूनच हा प्रवासात नेतात. पाडव्याच्या दिवशीच त्यांची उगादी असते, त्या दिवशी कडुनिंबाचा मोहोर, नवा गूळ, नवी चिंच, कैरी, मीठ आणि मिरची असं सहा चवींचं उगादी पच्चडी करतात. आपण निंबाचा पाला गुळाबरोबर खातो, तेव्हा हे करायला अवघड काहीच नाही, मोहोर मात्र आदल्या दिवशी जमवून ठेवा.

मांसाहारी असाल तर माशाचा पुलुसु (चेपल पुलुसु) घ्या करायला. एकच गोष्ट पाळा, मासे घातल्यावर डाव घालायचा नाही, पातेलं कडेला धरून हलवायचं. आणि शक्य असेल तर आदल्या रात्री करून दुसऱ्या दिवशी खा.

आणि मे महिना असेल तर आवकाया. कैरी मोठी, कडक, अजिबात न पिकलेली, आणि आतली बाठ धरलेली हवी, कारण प्रत्येक फोडीला बाठीचा कडक तुकडा पाहिजे, त्यानेच फोड वर्षभर मऊ पडत नाही. कैरी पुसून, पूर्ण कोरडी करून, बाजारातूनच फोडून आणा. चार वाट्या फोडींना एक वाटी तिखट, एक वाटी कच्च्या मोहरीची पूड, पाऊण ते एक वाटी मीठ, चमचाभर मेथीदाणे, आणि दीड वाटी तिळाचं तेल. आपण लोणच्यात तेल तापवून गार करून घालतो, इथे तेल कच्चंच. मोहरी भाजायची नाही, नुसती उन्हात ठेवून दळायची. लसूण घालायचा की नाही हे ज्या त्या घरावर. फोडी आधी तेलात बुडवून, मग मसाल्यात घोळवून चिनी मातीच्या बरणीत भरायच्या, वर उरलेला मसाला आणि तेल. कापडाने तोंड बांधून ठेवा. तिसऱ्या दिवशी उघडून कोरड्या लाकडी डावाने तळापासून ढवळा आणि मीठ चाखा, कमी वाटलं तर याच वेळी घालायचं. तेल फोडींच्या वर दोन बोटं दिसलं पाहिजे, नसेल तर अजून ओता.

खायला काढल्यावर पहिल्या दिवशी बाकी काही करू नका. गरम भात, मुद्दपप्पू, तूप, आणि आवकायाची एक फोड तिच्या मसाल्यासकट.